तेरा अंशांखाली

ग्दिनिया बंदर, फेब्रुवारी, पहाटे पावणेपाच.
कंटेनरचं दार उघडलं तेव्हा
केळी हिरवीगार होती.
मी तसं लिहिलंही: हिरवी, टणक, डाग नाहीत.
ओल्गिएर्दनं खिशातला चाकू काढला,
एका फणीतलं मधलं केळं धरलं
आणि नखाएवढी साल तासली.

सालीखाली तपकिरी रेघा.
बोथट पेन्सिलीनं कुणी ओढाव्यात तशा.

‘गारठलीत,’ तो म्हणाला.
‘अजून त्यांना कळलेलं नाही, एवढंच.’

तापमानाचा आलेख मागवला.
पुएर्तो बोलिव्हारहून निघून सतरा दिवस,
साडेतेरावर सरळ रेघ, 
इतकी सरळ की मनात पाल चुकचुकावी;
आणि अझोर्सच्या अलीकडे कुठेतरी
एकतीस तास नऊ अंश.
मग पुन्हा साडेतेरा,
काही घडलंच नाही अशी.
कुणी चुकीचं बटण दाबलं असेल,
कुणाला डुलकी लागली असेल,
किंवा यंत्रच.
माझ्या फॉर्मवर तिघांसाठी
तीन वेगळे रकाने आहेत.

शेजारच्या गोदामात सफरचंदं
शून्याला टेकून सात महिने झोपतात,
उठतात तेव्हा गाल तसेच लाल.
त्यांच्या झाडांनी हिवाळे पाहिलेत.
या केळ्यांच्या झाडांनी
धुकंसुद्धा कोमटच पाहिलं.

वरून निरोप आला: एक पॅलेट तरी पिकवून बघा.
पिकवण्याची खोली म्हणजे आमची लोखंडी अढी.
अठरा अंश, जरासा वायू, चार दिवस.
थंडीत गप्प बसलेलं सगळं
उबेत बोलू लागलं.
पिवळी झालीच नाहीत ती.
आधी करडी, राखेत लोळल्यासारखी,
मग डेखाकडून काळी.
आत मात्र गर पांढरा, घट्ट,
जिभेला पिठासारखा चिकटणारा.
मी थुंकले. ओल्गिएर्दनं गिळला.
तो अन्न थुंकत नाही.

अकरा वर्षं त्यानं लाब्राडोरकडे काढली,
मासेमारी जहाजाच्या बर्फखोलीत.
तिथं हात कधी दुखले नाहीत म्हणतो.
दुखतात ते आता,
चहाचा ग्लास धरला की,
नखांच्या मुळाशी.
म्हणून तो चहा निवेपर्यंत थांबतो
आणि मग चिडतो, गार झाला म्हणून.

तिसऱ्या दिवशी एका खोक्यात,
प्लास्टिकच्या घडीत,
करंगळीएवढी पाल निघाली.
खरीच. कडक, चपटी, डोळे उघडे.
खोक्यावर शिक्का: भरणारी क्र. ५२,
आणि शिक्क्यावर निळ्या शाईचा अर्धा अंगठा.
टाकून देण्यासाठी मी ती तळहातावर घेतली
आणि कोण जाणे का, मूठ मिटली.
बराच वेळ काही नाही.
मग एक पाय.
मग गळ्याखालची कातडी,
टाचणीच्या टोकाएवढी,
वर, खाली, वर.

पाठीमागे त्याच अठरा अंशांत
पॅलेट काळं पडत होतं.

रात्री फॉर्म भरला.
खोकी: एक हजार ऐंशी.
नुकसान: सगळं.
कारण: प्रवासात, समुद्रावर.
‘भरणाऱ्यांचा दोष’ या ओळीपुढे मी ‘नाही’ लिहिलं,
खाली रेघ मारली,
मग आणखी एक.
तिकडे कुणी ही ओळ वाचतं का, ठाऊक नाही.
बावन्न नंबरच्या पाकिटातून
काही कापतात का, तेही नाही.
पालीसाठी रकाना नव्हता.

ती आता बॉयलरवर आहे,
काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत,
झाकणाला खिळ्यानं पाडलेली सात भोकं.
खायला काय घालायचं, कुणालाच माहीत नव्हतं.
या दिवसांत ग्दिनियात
माशी आणायची कुठून?

ओल्गिएर्दनं थोडा विचार केला,
सर्वांत काळं केळं सोललं,
त्याचा एक तुकडा बरणीत टाकला.
‘थांब,’ म्हणाला,
‘आठवडाभरात चिलटं धरतील.’